अक्वेरियम आणि इनडोअर झू नीट बघायचं असेल तर: आधी काय, नंतर काय, आणि लोक नेमके कुठे चुकतात

"एवढं तिकीट काढून गेलो, तासाभरात सगळं संपलं, अर्धे प्राणी दिसलेच नाहीत आणि फोटो एकही धड आला नाही." अक्वेरियम बघून आलेल्या दहातल्या आठ जणांचं म्हणणं हेच असतं. बहुतेक वेळा दोष जागेचा नसतो, क्रमाचा असतो. लोक गेटातून शिरतात, पहिल्याच टँकपाशी वीस फोटो काढतात, मग पोरं ओढतील तिकडे जातात, अंधाऱ्या सेक्शनमधून दोन मिनिटांत बाहेर पडतात कारण "आत काहीच नव्हतं", आणि शार्कना खायला घालायची वेळ होते तेव्हा हे सगळे कँटीनच्या लाइनीत उभे असतात. म्हणून खाली सगळं टप्प्याटप्प्याने लिहिलंय, आणि टप्पे शक्यतो याच क्रमाने घ्या.

१. घरबसल्या: दिवस, स्लॉट आणि तिकीट

तिकीट आधी आणि टाइमटेबल नंतर, ही पहिली चूक. वेबसाइटवर फीडिंग आणि कीपर टॉकच्या (प्राण्यांची देखभाल करणारा कीपर माहिती सांगतो ते) वेळा दिलेल्या असतात, त्या आधी बघा आणि तिथून उलटं मोजत या. मोठ्या टँकचं फीडिंग साडेबाराला असेल तर त्याच्या निदान दोन तास आधी तुम्ही आत हवे.

आणि रोज सगळ्यांना खायला घालतात असं धरून चालू नका. शार्कना बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून दोन-तीनदाच खाणं असतं, मोठ्या अजगरांना तर काही आठवड्यांतून एकदा. त्यामुळे "शार्क फीडिंग" असं लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, वार कोणता लिहिलाय तेही वाचा.

सुट्टीचा दिवस आणि वर पाऊस, हे कॉम्बिनेशन टाळाच, कारण बाहेर जाता येत नाही म्हणून अख्खं शहर छपराखालच्या जागा शोधत असतं. कामाच्या दिवशी सकाळी उशिरा ते दुपार हा शाळांच्या सहलींचा टाइम. माझ्या मते सगळ्यात चांगला पहिला स्लॉट, काच पुसलेली असते, तिच्यावर हातांचे ठसे नसतात, आणि पक्षी-माकडं सकाळी जास्त हालचाल करतात. संध्याकाळी गर्दी ओसरते हे खरं, पण तोवर फीडिंग उरकलेलं असतं आणि शेवटची एंट्री बंद व्हायच्या वेळेच्या बरीच आधी असते, हे लोकांना गेटवर गेल्यावर कळतं.

*पैसे भरण्याआधी बघा:* कोणता सेक्शन दुरुस्तीसाठी बंद आहे का, एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर परत आत येता येतं का, प्राणी हाताळण्याच्या सेशनचं वेगळं बुकिंग लागतं का, आणि बाबागाडी आत चालते का.

२. कपडे आणि बॅग

गडद रंगाचे कपडे घाला, याला खरंच कारण आहे. टँकमध्ये उजेड आणि तुमच्या बाजूला अंधार असतो, पण तुमच्याजवळ थोडा जरी उजेड असला की पांढरा शर्ट काचेवर लख्ख उमटतो आणि माशाच्या पोटात तुमचं पोट दिसतं.

कपडे एकावर एक घालता-काढता येतील असे. पावसाळी जंगलाचा हॉल साधारण २५ ते २८ अंशांवर आणि भरपूर दमट ठेवलेला असतो, माशांचा भाग एसीमुळे थंडगार, आणि पेंग्विनच्या भागात काही ठिकाणी चक्क कुडकुडायला होतं.

घरीच ठेवायच्या गोष्टी: लोंबते कानातले, चमकदार बटणांचं जाकीट (मोकळे पक्षी असलेल्या खोलीत त्यावर चोच पडते) आणि लहान मुलांचे लाइट लागणारे बूट. बुटांची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, निशाचर प्राण्यांच्या खोलीत दर पावलाला लाल-हिरवं चमकत चाललेलं एक पोर पुरेसं असतं, आतलं सगळं बिळात गायब. अंगठ्या आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळही काढून ठेवलेलं बरं, कारण मोठ्या टँकची "काच" बहुतेक वेळा काच नसतेच, अॅक्रिलिक असतं, आणि त्याला चरे पटकन पडतात.

हँडक्रीम, सनस्क्रीन, मच्छर पळवायचं मलम हातांना लावून जाऊ नका. टच पूलचं, म्हणजे प्राण्यांना हात लावून बघता येतो त्या हौदाचं, पाणी त्याने खराब होतं. बेडकांची कातडी तर बाहेरचं सगळं शोषून घेते.

३. गेटच्या आतली पहिली दहा मिनिटं

ही दहा मिनिटं वाचवायला जाऊ नका.

आधी टॉयलेट, मग लॉकर, मग त्या दिवसाचा बोर्ड. वेबसाइटवरचं टाइमटेबल आणि गेटवरचा बोर्ड यात फरक असला तर बोर्ड खरा. तिथल्या माणसाला एकच प्रश्न विचारा: "आज काय बघण्यासारखं आहे?" "काय काय आहे?" असं विचारलंत तर नकाशा हातात देतील, "आज" म्हणालात तर सांगतील की ऑक्टोपस सकाळपासून पुढेच बसलाय, किंवा पिल्लं नुकतीच डिस्प्लेवर आणलीत.

मग मोबाइल. फ्लॅश "ऑटो" वर नाही, पूर्ण बंद. अंधारात ऑटो फ्लॅश हमखास उडतो आणि मग "अरे सॉरी सॉरी" सुरू होतं. ब्राइटनेस कमी करा, आवाज बंद करा. कॅमेरा असेल तर फोकससाठी जो छोटा दिवा लागतो तोही मेनूत जाऊन बंद करा, तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

*चेक:* उघड्या बॅगेच्या आत अंधारात एक फोटो काढून बघा. काहीही चमकलं तर सेटिंग अजून चुकीचं आहे.

४. कुठून सुरुवात आणि कुठे शेवट

रूट एकाच दिशेचा असेल तर उलटं जायची धडपड करू नका, भांडणं होतात. पण मोकळं फिरता येत असेल तर हा क्रम धरा.

आधी जंगलाचा हॉल. सकाळी तिथे जाग असते, आणि दुसरं कारण कॅमेऱ्याचं. थंड एसीतून दमट हॉलमध्ये शिरलात की लेन्सवर आणि चष्म्यावर धुकं बसतं, आणि लेन्स आत गरम होईपर्यंत कितीही पुसा, परत येतं. थंड भागातूनच यावं लागलं तर कॅमेरा बॅगेत बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं तसाच जाऊ द्या, मग बाहेर काढा.

दुसरे सरपटणारे प्राणी, दिव्यांखाली अंग शेकायला बसलेले असतात तेव्हाच. मग माशांचे छोटे टँक, तिथला मंद उजेड डोळ्यांना सवयीचा होऊ द्या, आणि त्याच ओघात निशाचरांचा विभाग. हा क्रम मुद्दाम आहे. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. उन्हातून थेट निशाचर विभागात शिरणाऱ्याला काळोखाशिवाय काही दिसत नाही, म्हणून तो म्हणतो आत काही नव्हतं. तिथे दिवस-रात्र उलटी केलेली असते, रात्री दिवे लख्ख आणि आपल्या वेळेला मंद, म्हणजे प्राणी आपल्यासमोर जागे असतात. दिवे बऱ्याचदा लाल असतात, कारण त्यातल्या बऱ्याच प्राण्यांना लाल रंग नीटसा दिसत नाही. पण तुम्ही मध्येच मोबाइल उघडून मेसेज बघितलात की तुमचे डोळे परत शून्यावर.

मोठा टँक फीडिंगच्या वेळेला, पंधरा मिनिटं आधी जागा धरून. अगदी मधोमध काचेला चिकटून बसण्यापेक्षा थोडं मागे आणि बाजूला बसा, सगळा टँक नजरेत येतो आणि पाण्यात उतरलेला डायव्हर कुठून खायला देतोय तेही दिसतं. टच पूल शेवटी, मग साबणाने हात, मग खाणं. खाणं आधी आणि टच पूल नंतर केलंत तरी चालेल एकवेळ, पण टच पूल, मग वेफर्स आणि हात धुवायचे राहिले, हे अजिबात नको.

५. टँकसमोर कसं उभं राहायचं

सगळ्या लेखातला महत्त्वाचा टप्पा हा, आणि लोक हाच सोडतात.

सगळे टँक बघायचा हट्ट सोडा. पाच-सहा निवडा आणि प्रत्येकासमोर निदान पाच मिनिटं न हलता उभे राहा. तुम्ही जवळ आलात की आतले प्राणी दबकतात, आणि माणूस सरासरी तेवढाच वेळ थांबतो जेवढा ते दबकलेले असतात. तो पुढे गेला की सगळे बाहेर. गार्डन ईलच्या (वाळूत बिळं करून राहणारे सापासारखे बारीक मासे) टँकमध्ये हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. पहिल्यांदा नुसती वाळू, लोक पाटी वाचतात, "रिकामा आहे" म्हणून निघतात. थांबलात तर मिनिट-दोन मिनिटांनी वाळूतून पेन्सिलीएवढी एक मान वर येते, मग तिच्या शेजारी दुसरी, बघता बघता सगळी वाळू माना डोलवायला लागते, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, पाणी जिकडून वाहत येतंय तिकडे, कारण त्यातूनच खाणं वाहत येतं. कोणी धप्पकन पाय आपटला की एका क्षणात परत नुसती वाळू.

बघायची पद्धत अशी: आधी चार पावलं मागून अख्खा टँक, मग जवळ जाऊन तळ, मग कोपरे, मग दगडांच्या खाचा, मग पाण्याची वरची कड. नजर माशाचा आकार शोधत असते, तुम्ही डोळा शोधा. वाळूत पुरलेल्या चपट्या माशाचे दोन डोळे तेवढे वर असतात. समुद्रघोडा शोधायचा तर गवतासारख्या काड्यांभोवती गुंडाळलेली शेपटी बघा. ऑक्टोपस दिसत नसेल तर काचेच्या कडेला आणि वरच्या कोपऱ्यात चूषकांची रांग दिसते का बघा. त्याच्या टँकला पक्कं झाकण का असतं हा प्रश्न पडला तर: २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या राष्ट्रीय मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस टँकमधून निसटला आणि ड्रेनच्या पाइपातून समुद्राकडे पसार झाला. हाडं नसली की फटीतूनही रस्ता असतो.

प्रवाळाच्या टँकमध्ये मोठा मासा तोंड आ वासून एका जागी थबकलेला दिसला तर तिथून हलू नका. त्याच्या गालाशी एखादा छोटा क्लीनर मासा नाहीतर लाल-पांढरी कोळंबी असणार, ती आत शिरून परजीवी वेचून खाते आणि मोठा मासा निमूट उभा राहतो. फीडिंग शोपेक्षा मला हे जास्त आवडतं.

जंगलाच्या हॉलमध्ये उलटं, नजर वर न्या. स्लॉथ छताजवळच्या फांदीत गाठोड्यासारखा पडलेला असतो आणि लोक तासभर झाडांच्या बुंध्यांकडे बघत हिंडतात. बेडूक बहुतेक निशाचर, पण विषारी डार्ट फ्रॉग दिवसा फिरतात, फक्त ते अंगठ्याच्या पेराएवढे असतात, ओल्या पानांच्या देठाशी शोधा. (घाबरू नका, त्यांचं विष जंगलातल्या मुंग्या-माइट्स खाऊन बनतं, इथल्या खाण्यावर वाढलेल्यांमध्ये ते नसतं.) साप झोपलाय की जागा आहे यावर वाद घालू नका, त्याला पापण्याच नसतात, जीभ आत-बाहेर होतेय का तेवढं बघा.

काचेवर टकटक नको, एकदाही नको. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेषा असते, पाण्यातली थरथर तिच्यातून कळते, शिवाय पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. बाहेर टक, आत दणका.

*चेक:* शार्क "केवढा मोठा" म्हणण्याआधी लक्षात घ्या, सपाट काचेतून पाण्यातली वस्तू साधारण पाव अंतराने जवळ भासते, म्हणजे मासा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. टँकमधून जाणाऱ्या पारदर्शक बोगद्यात गोलाईमुळे उलट होतं, प्रतिमा लहान आणि वाकडी दिसते. काहींना तिथे गरगरतं, तसं झालं तर वर बघणं सोडा, जमिनीकडे बघत सावकाश पुढे निघा.

६. फोटो, पण बघून झाल्यावर

मोबाइलची लेन्स काचेला हलकेच टेकवा आणि सरळ धरा. तिरकं धरलंत की जाड अॅक्रिलिकमुळे कडा फाटलेल्या आणि रंगांची झालर आलेली दिसते. टेकवल्यामुळे मागचे दिवे आणि तुमचं स्वतःचं प्रतिबिंबही जातं.

नाइट मोड बंद. हे उलटं वाटेल, अंधार आहे म्हणून तर नाइट मोड, पण तो दोन-तीन सेकंद उजेड गोळा करतो आणि तेवढ्यात मासा पोहून निघून जातो, हातात येतो नुसता नारिंगी फराटा. कॅमेरा असेल तर शटर निदान १/१२५, चपळ माशांना १/२५०, आणि आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. पोलरायझर फिल्टर लावू नका, अॅक्रिलिकमधल्या ताणामुळे इंद्रधनुष्यी पट्टे येतात.

माशाच्या मागे कॅमेरा फिरवत बसू नका. बहुतेक मासे ठरावीक फेऱ्या मारतात, दोन फेऱ्या बघा, जागा हेरा, तिथे फोकस लावून थांबा. जेलीफिशचा टँक यासाठी सोपा, तो गोल असतो आणि पाणी सतत फिरतं ठेवलेलं असतं, कारण कोपऱ्यात अडकली की जेलीफिशला स्वतःहून सुटता येत नाही. म्हणजे ती पुन्हा तिथूनच जाणार.

७. टच पूल आणि प्राणी हातात घेणं

आधी हात नुसत्या पाण्याने धुवा, साबण लावला तर पूर्ण निघेपर्यंत. बाह्या वर. दोन बोटं, सपाट, हलकेच. पाकट माशाला पाठीवर स्पर्श करायचा, शेपटीकडे हात नाही, आणि त्याचा पाठलागही नाही, तो स्वतः काठाशी येतो. तारामासा पाण्याबाहेर उचलायचा नाही, "फक्त एक फोटो" साठीसुद्धा नाही.

नंतर साबणाने वीस सेकंद. सॅनिटायझरवर भागवू नका, हातांवर चिकटपणा आणि घाण असताना तो नीट काम करत नाही.

साप, सरडे, कासवं यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, प्राणी एकदम ठणठणीत असला तरी. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी हाताळणी सोडून द्यावी, लांबून बघावं. बाकीच्यांनीही हात धुवेपर्यंत तोंडाला आणि मोबाइलला हात लावू नये. मोबाइलचं विशेष सांगतोय, कारण हात धुतले जातात आणि मोबाइल तसाच गालाला लागतो.

८. लहान मुलं बरोबर असतील तर

थोडक्यात सांगतो. तीन वर्षांखालच्या मुलाचा पेशन्स दीड तासाचा धरा आणि त्यातही फीडिंग एकच. वरच्या चौकटीतून दिसत नसेल तर उचलून घेण्याआधी खाली बघा, बऱ्याच टँकना मुलांच्या उंचीवर खिडकी असते. "निमो शोध" छापाचं काम द्या, पण मोठ्ठा प्राणी नको, बारीक गोष्ट: वाळूतले डोळे, उलटा पोहणारा मासा, फांदीसारखा किडा. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी कमी आवाज आणि कमी गर्दीची खास वेळ काही ठिकाणी ठेवलेली असते, बुकिंग करतानाच विचारा. आणि टँकमध्ये नाणं टाकून इच्छा मागायचा प्रकार पोरांना शिकवू नका, नाण्यातलं तांबं आणि जस्त पाण्यात उतरतं आणि कोळंबी, प्रवाळ, तारामाशांसारख्या प्राण्यांना ते मारक असतं.

९. "हा प्राणी आजारी दिसतोय"

कळकळ योग्य असते, पण निदान बऱ्याचदा चुकतं. सापाचे डोळे दुधाळ निळसर झालेत? कात टाकायची वेळ आलीय. पेंग्विन पिसं झडून विस्कटलेला दिसतोय? पिसं बदलतोय, त्या काळात तो पाण्यात जायलाही कंटाळतो. नर्स शार्क तळाशी निपचित पडलाय? तो तसाच आराम करतो, गिल्सवाटे पाणी ओढून श्वास चालू असतो. कॅटफिशची एक जात उलटीच पोहते, आणि कॅसिओपिया नावाची जेलीफिश तळावर पाठ टेकून उताणी पडलेली असते, ते तिचं नेहमीचंच.

खरंच काळजी करावी अशी लक्षणं वेगळी: तीच वाट, तेच वळण, तोच कोपरा असा न थांबता येरझाऱ्या घालणारा प्राणी, नाक काचेला घासून घासून जखम झालेला सरडा, पृष्ठभागाशी एका कुशीवर कलंडून धापा टाकणारा मासा, स्वतःचीच पिसं उपटणारा पक्षी. असं दिसलं तर पाच-दहा मिनिटं थांबून नीट बघा, टँकचा किंवा पिंजऱ्याचा नंबर, वेळ आणि काय दिसलं ते लिहून घ्या, फ्लॅश न वापरता छोटा व्हिडिओ काढा आणि जवळच्या कीपरला दाखवा. तिकीट खिडकीवरच्या माणसाला सांगून उपयोग नसतो, निरोप आत पोचत नाही. कीपर सापडला नाही तर चौकशी काउंटरवर "कीपरला आत्ता बोलवा" असं म्हणा आणि तो येईपर्यंत तिथेच थांबा. उत्तर पटलं नाही तर नंबर आणि व्हिडिओसकट ईमेल त्याच दिवशी पाठवा.